जिप्सीला पुढे कॉइल टाकताय? पॅनहार्डला "जुनाट पट्टी" म्हणणाऱ्यांना उत्तर

खडकवाट
परवा एका सदस्याने इथे ठणकावून लिहिलं की मारुती जिप्सीचे पुढचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) काढून कॉइल (वेटोळ्याच्या स्प्रिंग) बसवायचे असतील तर "सरळ तिरकी फोर-लिंक करा, पॅनहार्ड ही जुनाट पट्टी आहे, फेकून द्या." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. ते वाचून माझ्या ओळखीच्या एका पोराने गाडी फॅब्रिकेटरकडे नेऊन उभी केली. म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: पाटा एक्सलला जागेवर धरतो, कॉइल फक्त वजन झेलते, म्हणून कॉइलबरोबर एक्सल धरायला दांडे, म्हणजे लिंक, लावावे लागतात. तिरकी फोर-लिंक म्हणजे असे चार दांडे, त्यातले काही तिरके; पॅनहार्ड म्हणजे एक्सल आडवा सरकू नये म्हणून चेसिसपासून एक्सलपर्यंत लावलेला आडवा दांडा.

मागच्या एक्सलला तिरकी फोर-लिंक झकासच. पण पुढच्या एक्सलला स्टिअरिंग असतं, हे कोणी लक्षातच घेत नाही. स्टिअरिंगच्या बॉक्समधून निघालेला ड्रॅग लिंक, म्हणजे चाक वळवणारा दांडा, आडवा पलीकडे जातो. एक्सल वर आला की ड्रॅग लिंकचं टोक कंसात फिरतं, आणि पॅनहार्ड असेल तर एक्सलही त्याच कंसात फिरतो. दोघं समांतर आणि सारख्या लांबीचे असले की चाकं आपोआप वळत नाहीत. तिरक्या फोर-लिंकमध्ये एक्सल सरळ उभा वर येतो आणि ड्रॅग लिंक एकटाच सरकतो. हिशोब करून बघा: ८०० मिमीचा ड्रॅग लिंक, गाडी सपाटीवर असताना आडवा, एक्सल १०० मिमी वर आला तर टोक सव्वासहा मिमी सरकतं. तोच सुरुवातीला १५ अंश तिरका असेल तर २० मिमी. चाकाकडचा स्टिअरिंग आर्म, ज्याला ड्रॅग लिंक जोडतो, १५० मिमीचा धरला तर चाक साडेसात अंश वळलं, आणि तुम्ही स्टिअरिंगला हातही लावलेला नाही. ताशी साठच्या वेगाने खड्ड्यात गेल्यावर हे झालं तर गाडी कुठे जाईल? स्पर्धेच्या गाड्यांना पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग असतं, ड्रॅग लिंकच नसतो, म्हणून त्यांना ते चालतं. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला नाही.

माझं मत स्वच्छ आहे. खाली दोन लिंक, वर एक आणि पॅनहार्ड. थ्री-लिंक.

घाटउतार
फोर-लिंकबद्दल शंभर टक्के सहमत. थ्री-लिंकबद्दल अजिबात नाही.

मित्राच्या गाडीला तुम्ही म्हणता तशीच थ्री-लिंक होती. ताम्हिणी उतरताना वरच्या लिंकचा एक्सलवरचा ब्रॅकेट उपटला. मी शेजारच्या सीटवर होतो. ब्रेक दाबल्याबरोबर एक्सलचं हाऊसिंग स्वतःभोवती फिरलं, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला, ब्रेकचा पाईप ताणून फुटला. डोंगराकडच्या बाजूला गाडी घासत घासत थांबवली म्हणून आज हे लिहितोय. दुसरीकडे दरी होती.

त्यापेक्षा रेडियस आर्म बरा, म्हणजे प्रत्येक बाजूला एक्सलला दोन जागी धरणारा एकच लांब दांडा. त्याला दोन्ही बाजूंनी एक्सलकडे दोन-दोन बुश (रबरी सांधे) असतात. एक गेला तरी एक्सल गरागरा फिरत नाही. १९७० ची रेंज रोव्हर, १९७९ ची जी-वॅगन, लँड क्रूझर ८०, आजची जिम्नी, सगळ्यांना पुढे हेच दिलंय. ते सगळे इंजिनिअर वेडे का?

खडकवाट
वेडे नाहीत. त्यांना गाडी गिऱ्हाइकाला विकायची असते, खडकावर चढवायची नसते. रेडियस आर्मवर एक चाक वर आणि दुसरं खाली जाऊ लागलं की दोन आर्म हाऊसिंगला उलटसुलट पिळतात. जे काही हलतं ते फक्त बुशच्या रबरामुळे. रबर संपलं की चाक हवेत. शिवाय आर्म ९०० मिमीचा असेल आणि गाडी ५० मिमी उचलली, म्हणजे उंच केली, तर कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागचा कल) तीन अंशांहून जास्त पडतो, मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागतं. जिम्नी उचलणारे कॅस्टर दुरुस्त करणारे बुश शोधत का फिरतात, विचारा त्यांना.

आणि तुमच्या मित्राचा ब्रॅकेट एका कानाचा (बोल्टला एकाच बाजूने पट्टी) होता की दोन?

घाटउतार
एका कानाचा. पण तुम्ही मुद्दा उडवताय. कोपऱ्यावरच्या वेल्डरने केलेलं काम कधी ना कधी तुटणारच. तुटल्यावर माणूस वाचला पाहिजे, अशी रचना निवडा.

खडकवाट
कधी ना कधी तुटणारच, हे गृहीत धरून गाडी बांधायची नसते. उतारावर पुढच्या चाकांना ६३० किलोची ब्रेकची ओढ धरा, चाकाची त्रिज्या ३७० मिमी, खालचे लिंक एक्सलच्या मध्याच्या उंचीवर. वरचा लिंक त्यांच्यापासून १८० मिमी वर असेल तर त्याच्यावर साधारण १,३०० किलो येतात. तेच अंतर इंजिनच्या चेंबरला (खालच्या तेलाच्या टाकीला) जागा हवी म्हणून १०० मिमी ठेवलं की २,३०० किलो. एका कानावर, एकेरी बोल्टवर! थ्री-लिंकला कशाला दोष देता? दोन कानांचा ब्रॅकेट, जाड सीमलेस पाईप, १०.९ ग्रेडचा बोल्ट, आणि अंतर न खाणं, एवढं पाळलं तर नाही तुटत.

पाटेवाला
अहो, तुम्ही दोघंही मूळ प्रश्न विसरलात. पाटे काढायचेच कशाला? लष्कराने जिप्सी वर्षानुवर्षं पाट्यांवरच पळवली. पाटा एक्सल धरतो, वजन झेलतो, ब्रेकची पिळवटही सोसतो. मुख्य पान तुटलं तर नाना पेठेत दुपारपर्यंत दुसरं मिळतं. तुमच्या लिंकच्या टोकाचा तो रॉड एंड (लोखंडी गोळ्याचा सांधा) चिखलात एक पावसाळा काढून दाखवू दे, खडखडायला लागतो.

आणि आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंय का कोणी? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आरसीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. अपघात झाला की विमा कंपनी आधी गाडीखाली वाकून बघेल.

रंकाळा_फोरबायफोर
आला आरटीओ! काका, राग मानू नका, पण हे ऐकून ऐकून डोकं उठलंय. भरून वाहणारे उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन ट्रॉल्या, मागे एक दिवा नाही, ते भर रस्त्यात चालतात. आणि आमच्या गाडीचे टायर दोन बोटं बाहेर दिसले की पावती. पंधरा वर्षांनी पासिंगला नेली तर साहेबाने विंच काढून या म्हणून परत पाठवलं. काढली, नेली, पास करून परत बसवली. यात सुरक्षा कुठे वाढली? वर एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी ६०० ची ५,००० झाली.

पाटेवाला
ट्रॅक्टरवाला चुकतो म्हणून आपण चुकायचं का? माझ्या पुतण्याला असल्याच "मॉडिफाय" गाडीने उडवलंय. पाय अजून नीट वाकत नाही त्याचा. नियम कशासाठी असतात ते मला सांगू नका.

रंकाळा_फोरबायफोर
पुतण्याचं ऐकून खरंच वाईट वाटलं, काका. पण नियम असा हवा की चांगलं काम केलेल्याला दाखला घेता येईल. इथे चांगलं आणि वाईट काम कायद्याला सारखंच. मग माणूस लपवूनच करणार, आणि लपवून केलेलं कोपऱ्यावरच्या वेल्डरकडेच होणार.

मेलबर्नचा_मावळा
इकडे ऑस्ट्रेलियात त्यासाठी व्हीएसबी १४ नावाची संहिता आहे. मोठा बदल केला की मान्यताप्राप्त इंजिनिअर तपासून दाखला देतो, आणि गाडी कायदेशीर राहते. खर्च होतो, वेळ जातो, पण एका कानाचा ब्रॅकेट तिथेच नापास होतो. रंकाळाभाऊंचा मुद्दा मला पटतो.

घाटउतार
इकडे असा दाखला सुरू झाला तर तोही दुसऱ्या दिवशी विकत मिळेल. गाडीच्या फिटनेस दाखल्याचं काय होतं, बघतोच आहोत.

रंकाळा_फोरबायफोर
मग काहीच करायचं नाही का? सगळं विकलं जातं म्हणून गप्प बसायचं? असली हताश माणसं आहेत म्हणूनच आपल्याकडे काही बदलत नाही.

घाटउतार
भाषा सांभाळा. मी त्या गाडीत बसलो होतो, तुम्ही नव्हता.

मेलबर्नचा_मावळा
जरा थांबा दोघंही. मूळ प्रश्नावर एक मधला मार्ग आहे. इकडे पॅट्रोलवाले, म्हणजे निसानची पॅट्रोल ही गाडी वापरणारे, रेडियस आर्मच ठेवतात. खडकावर जायच्या आधी एका बाजूच्या आर्मचा एक्सलवरच्या दोनपैकी एक बोल्ट काढतात. तो आर्म मग साध्या लिंकसारखा वागतो आणि चाकांना बरीच मोकळीक मिळते. रस्त्यावर यायच्या आधी बोल्ट परत घालायचा. बोल्ट काढलेला असताना सगळी पिळवट दुसऱ्या बाजूच्या आर्मवर येते, म्हणून तो आणि त्याचे ब्रॅकेट भक्कम हवेत.

पाटेवाला
आणि बोल्ट परत घालायचा राहिला तर? अंधार पडलेला, पाऊस चालू, सगळ्यांना घरी जायची घाई.

खडकवाट
त्यांची शंका रास्त आहे, तरी कल्पना वाईट नाही. माझं मत बदललेलं नाही, पण आठवडाभर ऑफिसला आणि महिन्यातून एकदा चिखलात जाणाऱ्या गाडीला रेडियस आर्म चालेल, एवढं मान्य करतो. ब्रेकला नाक कमी दबतं आणि वळणावर गाडी कमी झुकते, हेही खरं. पण उचलल्यावर कॅस्टर दुरुस्त करा, नाहीतर घाटउतार यांनाच ती चालवायला द्या.

घाटउतार
मान्य. आणि दोन कानांचा ब्रॅकेट आणि १८० मिमी अंतर ठेवलेली थ्री-लिंक असेल तर मी त्या गाडीत बसेन. घाटात मात्र नाही.

नवशिक्या_नाशिक
सगळं वाचलं. गाडी आठवडाभर रस्त्यावर असते, म्हणून रेडियस आर्म ठरवतोय. बुश रबरचे घेऊ की पॉलीचे (कडक पॉलियुरेथेनचे)?

खडकवाट
एक्सलकडे रबरच. पॉली घातलंस तर आहे ती थोडी मोकळीकही जाईल आणि ब्रॅकेटच्या वेल्डला तडे जातील. चेसिसकडचाही रबरचाच ठेव. पॅनहार्डच्या दोन्ही टोकांना पॉली चालेल, तिथे ढिलाई नकोच. आणि पॅनहार्डचा चेसिसवरचा ब्रॅकेट वेल्ड करायच्या आधी गाडी चारही चाकांवर उभी कर, कॉइलवर पूर्ण वजन येऊ दे, मग ड्रॅग लिंकला समांतर माप घे. जॅकवर असताना घेतलेलं माप फेकून दे.

पाटेवाला
आणि काढलेले पाटे भंगारात घालू नकोस, बाळा. तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेव. लागतील.