लायसन्स मिळाल्यावर गाडीवर कोणती पाटी?

(फोंड्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

ए-२०१, ताई: नमस्कार. माझं गाडीचं लायसन्स आलं. बाबा म्हणतात, काचेवरचा लाल एल आता काढून टाक. आई म्हणते, पाऊस संपेपर्यंत राहू दे. तुम्ही सगळे सांगा, काय करू?

सी-१०२, काका: अभिनंदन गो बाय! पेढे कधी? एल राहू दे. लोक जरा सांभाळून घेतात.

डी-२०२, काकी: अभिनंदन 🌺 चवथीला गावाला गाडी तूच काढायची!

बी-३०४, सर: अभिनंदन. पण काका, एल ठेवू नये. तो शिकाऊ लायसन्सचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ बघा. शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्स असलेला शिकवणारा बसलेला हवा आणि गाडीवर पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल हवा. अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच, म्हणजे लांबून दिसेल असं. एल बघितला की मागचा धरून चालतो की शेजारी कोणीतरी जाणता आहे, वेळ पडली तर तो हँडब्रेक ओढेल. उद्यापासून ही मुलगी एकटी असणार. मग मागच्याला चुकीची माहिती का द्यायची?

ए-२०१, ताई: म्हणजे काढू?

बी-३०४, सर: एल काढ. पण काहीच नको असं मी म्हणत नाही. नवीन चालक असल्याची वेगळी पाटी लाव, एक वर्षभर. आपल्या कायद्यात ती नाही. काल शिकाऊ होता तो आज वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याच्या रांगेत, मध्ये काहीच नाही. मला ही कायद्यातली मोठी उणीव वाटते.

ए-१०३, दादा: सर, माफ करा, मला पटत नाही. पाटी दिसली की लोक जास्तच छळतात. मागून लाईट मारतात, चिकटून चालवतात, कट मारून पुढे जातात. त्यात मुलगी एकटी. रात्री तिस्कावरून एकटी येते तेव्हा ‘मी नवीन आहे’ हे सगळ्या जगाला कशाला सांगायचं?

डी-२०२, काकी: दादाचं म्हणणं खोटं नाही. पण माझा भाचा सिडनीत आहे. तिथे नवीन चालकाला पहिलं वर्ष लाल पी अक्षराची पाटी लावावीच लागते आणि ताशी ९० च्या वर जायचं नाही. त्यानंतर दोन वर्षं हिरवा पी, तेव्हा १०० पर्यंत. या सगळ्या काळात दारूचा एक थेंबही चालत नाही. तो सांगतो, तिथे पाटीची कोणाला लाज वाटत नाही, कारण सगळ्यांनीच लावलेली असते.

ए-१०३, दादा: काकी, ते सिडनी. आम्ही कुर्टीत.

बी-३०४, सर: दादा, कुर्टीचंच बोलतो. रस्त्यावर एखाद्या गाडीची नंबरपाटी काळी आणि आकडे पिवळे दिसले की तुम्ही काय करता? गाडी भाड्याची आहे, आत पर्यटक आहे, तो मध्येच थांबेल, मोबाईलमध्ये रस्ता बघेल, अचानक वळेल, हे तुम्ही क्षणात ओळखता आणि अंतर ठेवता. आपण सगळेच ठेवतो. म्हणजे पाटी वाचून ब्रेकवर पाय ठेवायची सवय गोव्यात आहे. परक्या माणसाला आपण जे देतो ते आपल्या मुलांना का देऊ नये?

आता लायसन्स म्हणजे नेमकं काय झालेलं असतं तेही बघू. शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. मार्च-एप्रिलमध्ये शिकून मेमध्ये पास झालेल्या मुलाने जूनचा पाऊस स्टिअरिंगमागून बघितलेलाच नसतो. काच आतून धुरकट झाली की एसी कुठे वळवायचा, डोंगर कापलेल्या जागी तांबडी माती रस्त्यावर आली की चाक कसं सरकतं, फर्मागुडीच्या चढणीवर पुढचा ट्रक थांबला तर किती अंतर ठेवून थांबायचं, हे त्याला पास झाल्यावर शिकावं लागतं. रात्री समोरच्याचा हाय बीम डोळ्यांवर आला तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवायची, हेही. आणि फेरीबोट! जुन्या गोव्याहून दिवाडीला जाताना उतरत्या धक्क्यावर गाडी धरून ठेवायची, ओल्या लोखंडी फळीवरून आत घ्यायची, मागे स्कूटरवाले चिकटलेले. तिथे गाडी बंद पडली आणि मागून तीन हॉर्न एकदम वाजले की नवीन माणसाचे हातपाय गळतात. घाबरलेला माणूस क्लच पटकन सोडतो, आणि धोका खरा तिथे असतो. मागचा दहा सेकंद गप्प राहिला तर काही होत नाही. पाटी मागते ती एवढीच दहा सेकंदं.

सी-१०२, काका: फेरीचं एकदम बरोबर बोललात सर.

ए-१०३, दादा: मागचा गप्प राहिला तर ना! नाही राहिला तर?

बी-३०४, सर: म्हणून मला जपानची पद्धत आवडते. तिथे १९७२ पासून नवीन चालकाला वर्षभर हिरव्या-पिवळ्या पानासारखी खूण लावावी लागते. आणि अशा गाडीला बाजूने दाबणं किंवा तिच्यापुढे घुसणं हाच गुन्हा आहे. नियम नवीन माणसावर आहे तसा इतरांवरही आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९६८ पासून नवीन चालकासाठी आर अक्षराची पाटी आहे, तिथे वर्षभर ताशी साधारण ७२ किलोमीटरची मर्यादा घातली. ती मला आपल्यासाठी निरुपयोगी वाटते. बोरी पुलाकडे ७२ ने जायला मिळतं कुठे? तिथे भीती आंधळ्या वळणावर ओव्हरटेक घेणाऱ्याची. आपल्याकडे कधी कायदा झाला तर तो मागच्या गाडीला बांधणारा असावा.

ए-१०३, दादा: असा कायदा आला तर मी पाठिंबा देईन. आज तो नाही, म्हणून आज पाटी नको असं माझं मत. रात्रीचं तर अजिबातच नको.

बी-३०४, सर: रात्रीचं तुमचं मान्य. एकटी असेल तेव्हा रात्री काढून ठेवावी. ब्रिटनमध्येही हिरवा पी ऐच्छिकच आहे, कोणी सक्ती करत नाही.

डी-१०१, वहिनी: एक कामाचं सांगते. मॅग्नेटवाली पाटी घ्या. चिकटवायची घेतली तर ती बाबा चालवतात तेव्हाही तशीच राहणार, मग तिला अर्थ काय? मॅग्नेट बंपरवर धरत नाही, तो प्लास्टिकचा असतो. डिकीच्या पत्र्यावर लावा. मागच्या काचेवर नको, आरशातलं दिसणं अडतं. आणि कागदाची तर नकोच, आपल्या पावसात दुपारपर्यंत लगदा होतो.

ए-२०१, ताई: थँक यू सगळ्यांना 🙏 एल आजच काढते. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत ‘नवीन चालक’ लिहिलेली मॅग्नेटची पाटी करून घेते. रात्री काढून ठेवीन. चोर्ला आणि अनमोडच्या घाटात यंदा बाबा शेजारी असतील तरच.

ए-२०१, बाबा: मी तिला पाटी नको म्हणालो होतो कारण लोक हसतील असं वाटत होतं. ग्रुपवर कोणी हसलं नाही. लाव.

सी-१०२, काका: बाय, पहिल्यांदा फेरीवर जाशील तेव्हा मला सांग, मी शेजारी बसतो. सकाळी लवकर जाऊ, गर्दी नसते.

ए-१०३, दादा: माझं मत बदललेलं नाही. पण आपल्या गेटच्या चढावर तुझी गाडी बंद पडली आणि मागे मी असलो तर हॉर्न वाजणार नाही, हे लिहून देतो. बाकीच्यांनीही तेवढं पाळा. खाली मुलं खेळत असतात, तिथे तरी.

सेक्रेटरी: गेटचा विषय निघालाच आहे तर, बाहेरच्या वळणावर मोठा गोल आरसा बसवायचं पुढच्या मीटिंगला घेतो. डावीकडून येणारी गाडी कोणालाच दिसत नाही. ज्यांची हरकत असेल त्यांनी आधी कळवा.