वसाहतमंत्र्याचे कागद ऑक्सफर्डला, केनियाच्या फायली लंडनला. मग नैरोबीला काय?

रानवाटा:
अ‍ॅलन लेनॉक्स-बॉइड 1954 ते 1959 ब्रिटनचे वसाहतमंत्री होते. केनियातल्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माउ माउ बंडात लोकांना डांबलेल्या छावण्या याच काळातल्या. त्यांचे खासगी कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. पण मंत्र्यानेच जपून ठेवलेल्या कागदांवर किती भिस्त ठेवायची? खरी हकीकत केनियाच्या सरकारी दप्तरात होती. स्वातंत्र्याच्या तोंडावर, 1963 मध्ये, त्यातल्या सुमारे 1500 फायली लंडनला नेल्या. बऱ्याच जाळल्या. त्याच्याही लेखी सूचना होत्या: कागदाची पूर्ण राख करा आणि राखही चुरडून टाका. ब्रिटिश सरकारची अडचण होईल असं काही नव्या सरकारच्या हाती पडू नये, हा 1961चा आदेश लेनॉक्स-बॉइड यांच्यानंतरच्या मंत्र्यांचा, इयन मॅक्लाउड यांचा. केनियाने 1967 मध्येच फायली मागितल्या होत्या. मूळ प्रती नैरोबीला परत गेल्याच पाहिजेत.

जुनाबाजार:
नाही पटलं. 2009 मध्ये केनियातल्या म्हाताऱ्या माणसांनी छावण्यांतल्या छळाबद्दल लंडनच्या कोर्टात दावा लावला. 2011 मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या हॅन्स्लोप पार्क इथल्या कोठारातून याच फायली बाहेर आल्या आणि 2013 मध्ये 5228 जणांसाठी, खर्चासकट, 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड झाली. फायली तिथे होत्या म्हणूनच ना? स्कॅन करून पाठवा, वाद मिटला.

रानवाटा:
तिथे होत्या की दडवल्या होत्या? जून 1957चं टिपण बघा. केनियाचे अ‍ॅटर्नी जनरल ग्रिफिथ-जोन्स त्यात बंद्यांना कसं मारावं ते लिहितात: प्लीहा, यकृत, मूत्रपिंड यांवर फटका बसू नये. गव्हर्नर बेअरिंग यांनी ते थेट लेनॉक्स-बॉइड यांना पाठवलं. हा कागद वाचल्यावर माझा तरी हात थरथरला. फायली बाहेर येईपर्यंत छावण्यांत मार खाल्लेले कितीतरी जण जग सोडून गेले होते.

कोरांटी:
कागद कुठे आहे याइतकंच दार कोण उघडतं हेही बघा. पेशवे दप्तर पुण्यातच होतं, तरी इंग्रजी अमलात अभ्यासकांना ते सहज बघायला मिळत नसे. सरदेसाईंनी 1930 पासून निवडक कागदांचे 45 खंड काढले तेव्हा कुठे ते लोकांसमोर आलं. नैरोबीतही दार बंद राहिलं तर?

जुनाबाजार:
कोरांटीताई, अगदी हेच. आणि सगळं काही दप्तरातूनच कळतं असंही नाही. मार्च 1959 मध्ये होला छावणीत 11 बंदी मारहाणीत मेले. आधी सरकारी निवेदनात पिण्याच्या पाण्याचं कारण पुढे केलं होतं. ते खोटं त्याच वर्षी, मृत्यूच्या चौकशीत आणि पार्लमेंटात उघडं पडलं.

रानवाटा:
होलाचं उघडं पडलं, कारण अकरा प्रेतं होती. जो मार खाऊन जगला, त्याच्याकडे काय पुरावा होता? आणि ताई, पुण्याचं दार बंद होतं, पण ते ठोठवायला इतिहासकार राजवाड्यांना बोटीत बसावं लागलं नाही. नैरोबीतल्या नातवाला आजोबाची मूळ फाइल बघायची तर आधी ब्रिटनचा व्हिसा काढावा लागतो.