'गांजा बाळगणे' : ताबा, कब्जा की अजून काही?

रानजाई : मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. ओळखीच्या एका टेम्पो ड्रायव्हरचा जामीन नाकारला गेलाय, ती ऑर्डर त्याच्या आईला मराठीत हवीय म्हणून मी भाषांतर करतेय. कांद्याच्या गोण्यांखाली 32 किलो गांजा सापडला, मुलगा म्हणतो माल दुसऱ्यांनी भरला, मला फक्त पत्ता दिलेला. ऑर्डरमध्ये सारखं 'कॉन्शस पझेशन' येतं. 'जाणीवपूर्वक ताबा' लिहिलं तर आई म्हणाल्या, ताबा तर जमिनीचा असतो ना? काय लिहू?

शुद्धमराठी : 'सज्ञान ताबा' करा. छोटा आणि नेमका.

मधली_आळी : अहो सज्ञान म्हणजे 18 पूर्ण झालेला! आईंना वाटेल पोराच्या वयाबद्दल काहीतरी लिहिलंय.

जुनी_वही : आपल्याकडे शब्द आहे की, 'बाळगणे'. बातमीत कायम असतं, 'गांजा बाळगल्याप्रकरणी अटक'. आणि त्यात जाणीव आपोआप येते. आपण भीती बाळगतो, आशा बाळगतो, वैर बाळगतो, नकळत कोणी काही बाळगत नाही. माझी आजी सांगायची की बाळासारखं जपायचं म्हणून बाळगणं.

शुद्धमराठी : ते बाळावरून आलंय याला आधार काय? शब्द सारखा दिसला की जोडून टाकायचा ही व्युत्पत्ती नव्हे. आजीबद्दल आदर आहे, पण कोशात दाखवा.

जुनी_वही : कोश नंतर बघू, वापर तर बघा. 'पदरी माणसं बाळगणे', 'घोडं बाळगणे', सगळीकडे सांभाळणं आहेच.

काळाकोट : मी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं लांबलचक. 'बाळगणे' मध्ये जाणीव आपोआप येते हाच तर घोटाळा आहे. कोर्टात दोन पायऱ्या असतात. आधी माल आरोपीच्या ताब्यात होता हे सरकारी पक्षाने दाखवायचं, मग त्याला ते ठाऊक होतं का हा प्रश्न. आणि इथे नशेच्या पदार्थांचा कायदा (एनडीपीएस) आरोपीवर उलटा आहे, त्याच्या कलम 35 प्रमाणे गुन्ह्याची मनःस्थिती होती असं कोर्ट गृहीत धरतं आणि नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही वाजवी संशयापलीकडे. 2003 च्या मदनलाल विरुद्ध हिमाचल प्रदेशमध्ये गाडीत चरस होता, माणसं पाच, तिथे सुप्रीम कोर्ट म्हणालं की एकदा ताबा सिद्ध झाला की मला माहीत नव्हतं हे सांगणाऱ्याने ते दाखवावं. नंतर 2008 च्या नूर आगा खटल्यात मात्र सुप्रीम कोर्टानेच स्पष्ट केलं की मुळातली वस्तुस्थिती आधी सरकारी पक्षानेच सिद्ध करायची. म्हणजे 'बाळगला' लिहिलं की दुसरी पायरी पेपरवाल्यांनी परस्पर ओलांडली. 'गाडीत सापडला' लिहायला काय जातं?

रानजाई : अगदी हेच मला आईंना सांगायचंय. मुलाने बाळगला असं अजून ठरलेलं नाही, सापडलाय एवढंच खरं आहे.

पानसुपारी : जाता जाता, अमली की अंमली? आमच्या इथल्या पोलिसांच्या बोर्डावर 'अंमली पदार्थ विरोधी पथक' आहे, पेपरात 'अमली'.

शुद्धमराठी : मूळ अरबी अमल, म्हणजे काम, कृती. म्हणून अमली.

मधली_आळी : पण मराठीने अंमल केव्हाच आपलासा केलाय. अंमलबजावणी, अंमलदार, दारूचा अंमल चढला. शब्द आपल्या घरी आला की आपल्या चालीने चालणार, त्याला दर वेळी अरबस्तानात परत धाडायचं का?

पानसुपारी : पंजाबीत तर अमली म्हणजे व्यसनी माणूस!

शुद्धमराठी : आणि कायद्याच्या मराठी नावात दोन्ही नाहीत, 'गुंगीकारक औषधी द्रव्ये' आहे. तेच वापरावं.

मधली_आळी : कोकेनने गुंगी येते का पण? उलट झोप उडते. 'गुंगीकारक' हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर आहे, आणि लोक जे बोलतात ते अंमली बरोबर बसतं, कारण अंमल कसलाही चढू शकतो.

खानदेशी : शब्दाचंच चाललंय तर 'गांजा' घ्या. आमच्या शिरपूरकडे शेतातून पकडल्याच्या बातम्या येतात, अमुक इतका गांजा जप्त म्हणून, पण वजन होतं मुळासकट उपटलेल्या ओल्या झाडांचं. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे, शेंड्यांशिवायची पानं आणि बिया धरत नाहीत, म्हणून तर पानांची भांग त्यातून सुटते. मग काड्या, माती, पाणी यांचं वजन गांजा कसं?

काळाकोट : बरोबर, बचावाचा हा मोठा मुद्दा असतो, कारण सगळं वजनावर आहे. गांजा 1 किलोपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष. 20 किलोच्या वर गेलं की किमान 10, कमाल 20 वर्षं, दंड किमान 1 लाख. मधल्यासाठी 10 वर्षांपर्यंत. एमडीला (मेफेड्रोन) तर 50 ग्रॅमच्या वर गेलं की लगेच वरची पायरी. आणि वरच्या पायरीवर कलम 37 लागतं, म्हणजे हा दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर पडून पुन्हा गुन्हा करणार नाही, याबद्दल कोर्टाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. खटला उभा राहायच्या आधीच हे.

मधली_आळी : त्या वरच्या पायरीला पेपरवाले 'व्यावसायिक प्रमाण' म्हणतात, त्यावर माझा जुना राग आहे. वाचणाऱ्याला वाटतं हा धंदाच करत होता. खरं तर विकल्याचा पुरावा लागतच नाही, फक्त वजन बघतात. 'मोठं प्रमाण' म्हणा.

शुद्धमराठी : 'वाणिज्यिक परिमाण' म्हणा. कायद्याची भाषा भाजी मंडईतली नसते.

खानदेशी : ज्याला 10 वर्षं आत बसायचंय तो मंडईतलाच असतो दादा. त्याला कळलं पाहिजे की नको?

रानजाई : मी सध्या 'माहीत असून जवळ ठेवणे' लिहिलंय. लांब आहे पण आईंना लगेच कळलं. पुढे झडतीच्या कलम 50 बद्दल आहे, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला नाही असं वकिलांनी मांडलेलं, ते कोर्टाने मानलं नाही. आईंचं म्हणणं, हक्क होता तर मग का नाही मानलं?

काळाकोट : कारण ते कलम अंगझडतीचं आहे. गोण्यांना, बॅगेला लागत नाही, 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. तिथे 'झडती' न लिहिता 'अंगझडती' लिहा. आणि वकिलांना विचारा, नमुने कलम 52अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, ते जास्त कामाचं आहे.

पानसुपारी : 'मुद्देमाल'मधला मुद्दा कुठला हो? मुद्द्याचा माल, की मुद्दाम ठेवलेला माल?

जुनी_वही : मुद्द्याचा. माझे काका कारकून होते, ते 'मुद्द्याचा माल'च म्हणायचे.

शुद्धमराठी : पुन्हा तेच. काका हा आधार होत नाही.

मधली_आळी : बोलणारी माणसं आधार नाहीत तर मग भाषेला आधार कसला?

खानदेशी : रानजाई ताई, शेवटच्या ओळीत 'जामीन फेटाळला' असेल तर नुसतं तेवढं नका लिहू, 'हा अर्ज फेटाळला, पुन्हा करता येतो, हायकोर्टातही जाता येतं' असं समजावून सांगा. आमच्याकडे जामीन राहणारा माणूस पण जामीनच आणि सुटका पण जामीनच, आईंना वाटायचं की कोणी जामीन राहायलाच तयार नाही.