आयव्हीएफनंतर दिवस राहिले म्हणून अंथरुणातच राहायचे का?

राजारामपुरीहून (धागा सुरू करणारी): सहा वर्षांच्या उपचारांनंतर मला दिवस राहिले आहेत. आयव्हीएफमध्ये शरीराबाहेर वाढवलेला पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडल्यावर ११व्या दिवशी बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस राहिल्याचे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तेव्हापासून पाण्याचा तांब्यासुद्धा सासूबाई हातात आणून देतात. त्यांची माया मी जाणते. परंतु गर्भ सोडल्यावर झोपून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे आणि माझ्या डॉक्टरांनीही रोजचे चालणे सुरू ठेवण्यास सांगितले आहे. पडून राहिल्यावर पोटातली प्रत्येक कळ मोजत बसण्याखेरीज दुसरे काही होत नाही. ही सक्ती थांबायला हवी, असे माझे मत आहे.

कागलहून: ताई, मला हे पटत नाही. आमच्या घरी 'रोजचे चालणे' म्हणजे शेणघाण, वैरणीचा भारा आणि दहा माणसांच्या भाकऱ्या. माझ्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'विश्रांती' असे लिहून दिले म्हणूनच ते भारे माझ्या डोक्यावरून उतरले. तो एक शब्दही काढून घेतला, तर आमच्यासारख्या सुनांनी कशाचा आधार घ्यायचा?

राजारामपुरीहून: ओझे उतरलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण चिठ्ठीवर 'जड उचलायचे नाही' असे स्पष्ट लिहून घ्यावे. 'विश्रांती' लिहिले आणि दुर्दैवाने गर्भ टिकला नाही, तर 'चाललीस म्हणून गेले' हा ठपका जन्मभर बाईवरच राहतो. वास्तविक पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातामागे सर्वांत अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो.

शाहूपुरीहून: तो ठपका मी ऐकला आहे. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभी राहिले आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग दिसला, तेव्हा सगळे घर माझ्यावर रागावले. सातव्या आठवड्यातील सोनोग्राफीत ठोके व्यवस्थित दिसले. थोडे डाग या काळात अनेकींना पडतात, असे डॉक्टर म्हणाले. मात्र रक्तस्राव वाढला, एका बाजूला तीव्र दुखले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण आयव्हीएफनंतरही गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहू शकतो. आणि डाग दिसला म्हणून गर्भ टिकण्यासाठी दिलेले प्रोजेस्टेरॉन हे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

कागलहून: गुणसूत्रांचे माझ्या सासूबाईंना सांगणार कोण? 'जड उचलायचे नाही' असे लिहिले, तर भाकऱ्या जड नसतात, असे उत्तर येईल. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेऊन डॉक्टरांकडून समोरासमोर सांगवावे, एवढे मात्र मी प्रत्येकीला सुचवीन. चिठ्ठी तरीही हवीच.