वरातीची घोडी कॅमेरा पाहताच मान झटकते; काय करावे?

आर्वीकर (प्रश्न):
नमस्कार. आमच्या गावात वरातीसाठी भाड्याने दिली जाणारी एक पांढरी घोडी आहे. तिचे मालक माझ्या वडिलांचे स्नेही असल्यामुळे त्यांनी छायाचित्रे काढण्याची परवानगी आनंदाने दिली. घोडीने मात्र ती अद्याप दिलेली नाही. मी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला की ती मान झटकते, कान मागे पाडते आणि दोराला हिसके देते. वरातीत वर्षानुवर्षे तोंडासमोर उडालेले फ्लॅश आणि कानाशी वाजलेला बँड यांचा हा परिणाम असावा, असा माझा तर्क आहे. मालक म्हणतात, "मी लगाम धरतो, तू काढून घे." तसे काढलेही, पण त्यांत तिच्या डोळ्यांचे पांढरे दिसते आणि ते फोटो पाहवत नाहीत. घरच्या काळ्या कुत्र्याची तऱ्हा निराळी आहे. तो हाकेला धावत येतो, पण कॅमेरा दिसताच तोंड फिरवून जांभई देतो. माझ्याकडे साधा कॅमेरा आणि १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे.

दिग्रसकर:
लगाम धरून फोटो काढू नका, हे तुम्हाला आधीच कळले आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. परंतु कपाळाच्या अगदी पुढचा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याच्या नजरेबाहेर राहतो. तुम्ही नेमके समोरून जाऊन, चेहरा झाकून, एक मोठा काळा डोळा तिच्यावर रोखता. ती मान वर उचलते ती पुष्कळदा नीट पाहता यावे म्हणूनही असते, तो नेहमीच राग नव्हे. कान मागे चिकटवले तर मात्र त्या दिवशी परत फिरावे.

पहिले आठ-दहा दिवस कॅमेरा गळ्यात राहू द्या, उचलू नका. मालक खरारा करतात त्या वेळी जा, लांबूनच आवाज द्या, खांद्याच्या बाजूने तिरपे चाला आणि ती मान वळवून पाहील तेथेच थांबा. शेवटचे पाऊल तिने टाकावे. तिला कॅमेरा हुंगू द्या. त्यानंतर तो छातीशीच धरून, तिच्याकडे न पाहता, नुसते बटण दाबत राहा, म्हणजे त्या आवाजाचे तिला काही वाटेनासे होईल. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नसतात, तेव्हा घाई तुम्हालाही नाही आणि तिलाही नाही.

आणखी एक युक्ती सांगतो: खिशात गुळाचा खडा ठेवावा.

गुरांचा डॉक्टर:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, गुळाचा खडा सोडून. हातून गूळ मिळतो हे एकदा कळले की घोडी तुमचा खिसा चाचपू लागते, प्रसंगी बोटही चावते, आणि मग तुम्हाला केवळ नाकपुड्यांचे फोटो मिळतात. द्यायचेच असेल तर काम संपल्यावर मालकाच्या हातून, घमेल्यात द्यावे.

घोडीजवळ जमिनीवर मांडी घालून बसू नये. खालचा कोन हवा असेल तर उकिडवे बसावे, म्हणजे क्षणात उठून बाजूला होता येते. कुत्र्याच्या बाबतीत उलट आहे. त्याच्याजवळ खुशाल जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून बसा. त्याची जांभई झोपेची नाही. टक लावून पाहणे कुत्र्याला धाकासारखे वाटते आणि तोंड फिरवून तो आपली अस्वस्थता दाखवतो.

सेलूचा बैलवाला:
माझा अनुभव घोड्यांचा नसून पांढऱ्या गवळाऊ जातीच्या बैलांचा आहे, परंतु पांढऱ्या रंगाची अडचण तीच. कॅमेरा पांढऱ्याला करडे करू पाहतो, म्हणून घोडीसाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडे वाढवावे आणि काळ्या कुत्र्यासाठी कमी करावे. भर उन्हात मात्र काहीही केले तरी पाठीवरचा तपशील जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत उरका. १८ मिलिमीटरवर जवळून काढाल तर तोंड दुधीभोपळ्यासारखे लांब दिसेल. ५५वर ठेवून चार पावले मागे सरा.

पोळ्याच्या दिवशी सगळे जण झूल आणि बाशिंगे घातलेल्या बैलांचे फोटो काढतात, तेव्हा ढोल-ताशांनी जनावर बिथरलेले असते. मी आदल्या संध्याकाळी, खांद शेकताना, म्हणजे जू वाहणारा बैलाचा खांदा शेकतात तेव्हा, काढतो. त्या वेळी धन्याचा हात खांद्यावर असतो आणि बैलाचे डोळे अर्धे मिटलेले असतात. खराऱ्याच्या वेळी तुमच्या घोडीचेही असेच होत असेल, तिकडे लक्ष ठेवा.

आर्वीकर:
सर्वांचे आभार. आज सतरावा दिवस. कुत्रा तिसऱ्याच दिवशी मांडीवर डोके ठेवून झोपला, त्यामुळे त्याचे सर्व फोटो सध्या झोपलेलेच आहेत. घोडीने काल पहिल्यांदा स्वतः पुढे येऊन लेन्स हुंगली. खरारा मानेपर्यंत आला तेव्हा तिने खालचा ओठ सैल सोडला आणि एक कान माझ्याकडे वळवला. तेवढ्यात मी छातीशी धरूनच तीन फोटो घेतले. दोन हलले, एकात मालकाचे अर्धे डोके कापले गेले आहे, पण डोळ्याचे पांढरे दिसत नाही. आता एकच शंका: लेन्सवर तिच्या नाकाचा ओला ठसा वाळून बसला आहे, तो धोतराच्या फडक्याने पुसला तर चालेल का?

सेलूचा बैलवाला:
आधी फुंकणीने धूळ उडवा. कुटाराचा, म्हणजे भुशाचा, कण राहिला तर काचेवर ओरखडा पडेल. मग चष्म्याचे मऊ फडके किंचित ओले करून पुसा. धोतर नको.