मदत हवी आहे: रुबिडियम विरुद्ध जीपीएस, आलेखात रोज संध्याकाळी उंचवटा

मंडळी,

गेले अडीच-तीन आठवडे एका उंचवट्याने डोकं खाल्लंय. इथे कुणी अचूक वेळेच्या नादाला लागलेलं असेल तर कृपया मार्ग दाखवा.

मांडणी अशी. एक जुनं रुबिडियम ऑसिलेटर (अणूंच्या आधाराने नेमके ठोके देणारं यंत्र) आहे, टेलिकॉमच्या मोडीतून आलेलं, १० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक कोटी ठोके, देणारं. दुसरं जीपीएसला बांधलेलं, म्हणजे उपग्रहांच्या वेळेशी सतत जुळवून घेणारं, ओव्हनमधलं क्रिस्टल, म्हणजे जीपीएसडीओ. रुबिडियमच्या १० मेगाहर्ट्झला एक कोटीने भागून सेकंदाला एक पल्स काढतो. जीपीएसडीओच्या पल्सवर काउंटर सुरू होतो आणि रुबिडियमच्या पल्सवर थांबतो. काउंटरचं रिझोल्यूशन ५०० पिकोसेकंद, म्हणजे अर्धा नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग). दर सेकंदाचं रीडिंग लॉग होतं.

रुबिडियम साधारण पाच हजार कोटींत एक इतकं पुढे पळतं. त्यामुळे दिवसाला १.७ मायक्रोसेकंद सरकतं, ते अपेक्षितच. ही सरळ रेषा वजा केली की उरलेला आलेख दिवसभर पाचेक नॅनोसेकंदांच्या पट्ट्यात गुमान पडून असतो. आणि संध्याकाळी अचानक २५ नॅनोसेकंदांनी वर चढतो, तीन तास तिथे रेंगाळतो, मग खाली येतो. रोज!

आतापर्यंत काय केलं: एकच पल्स दोन्ही इनपुटांना देऊन रात्रभर काउंटर तपासला. रीडिंग एका नॅनोसेकंदाच्या आत सपाट, म्हणजे तो निर्दोष. खोलीत पश्चिमेचं ऊन येतं म्हणून आधी उष्णतेवर संशय घेतला. जीपीएसडीओवर खोकं पालथं घातलं, रुबिडियमच्या तळपट्टीला सेन्सर चिकटवला (४१ ते ४३ अंश, फार हलत नाही). उंचवटा ढिम्म.

दोघांपैकी खोटं कोण बोलतंय हे तिसरं घड्याळ न आणता कळेल का? आणि जीपीएसडीओच्या लूपचा टाइम कॉन्स्टंट (तो जीपीएसमागे किती सावकाश जातो, तो काळ) सध्या ५०० सेकंद आहे, तो वाढवून हे दाबता येईल का?

२५ नॅनोसेकंदांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. २००५ मध्ये टॉम व्हॅन बाक हे हौशी गृहस्थ तीन सीझियम अणुघड्याळं गाडीत घालून, मुलांसकट, रेनिअर पर्वतावर दोन दिवस राहून आले. उंचीवर घड्याळ जलद चालतं हे आइन्स्टाइनचं म्हणणं घरच्या घरी पडताळायला. त्यांना जो फरक दिसला तो वीस-बावीस नॅनोसेकंदांचाच होता. माझा उंचवटा त्याहून मोठा आहे हो!

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

रुबिडियमच असणार. जुन्या नगांना तापमान बाधतं आणि चुंबकीय क्षेत्रही. शेजारी एखादा जड ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी चालू होतो का ते बघा.

प्रतिसाद २

जरा थांबा. "संध्याकाळी" म्हणजे नक्की किती वाजता? पहिल्या दिवशी माथा कधी होता आणि काल कधी होता, ते लॉगमधून मिनिटांत काढून सांगा.

धागाकर्ता

पहिल्या दिवशी ७:४२. काल, म्हणजे १८ दिवसांनी, ६:३०. अलीकडे सरकतोय हे लक्षात आलं होतं, पण दिवस लहान होत चाललेत म्हणून ऊन लवकर उतरत असेल, अशी मनाची समजूत घातली.

प्रतिसाद २

१८ दिवसांत ७२ मिनिटं. म्हणजे दिवसाला बरोबर चार. चोर सापडला.

सूर्याचा दिवस २४ तासांचा, पण ताऱ्यांचा, म्हणजे नाक्षत्र दिवस, साधारण २३ तास ५६ मिनिटांचा. तुमच्या घरातलं काहीही नाक्षत्र काळ पाळत नाही, ना पंखा, ना ट्रान्सफॉर्मर, ना ऊन. आयनोस्फिअर, म्हणजे सिग्नलला उशीर लावणारा वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तोसुद्धा सूर्याच्याच तालावर चालतं, त्याचा परिणाम रोज त्याच सुमाराला दिसला असता. चार मिनिटं लवकर येतात ते फक्त जीपीएसचे उपग्रह. त्यांची एक फेरी ११ तास ५८ मिनिटांची, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर तोच उपग्रह तुमच्या डोक्यावर त्याच जागी, पण काल होता त्यापेक्षा चार मिनिटं आधी.

आता माझा अंदाज. अँटेना खिडकीत आहे ना? अर्धं आकाश भिंतीमागे. त्या तीन तासांत मोजकेच उपग्रह दिसत असतील आणि एखाद्याचा सिग्नल समोरच्या भिंतीवर आपटून येत असेल. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. साडेसात मीटरचा वळसा पडला की झाले तुमचे २५ नॅनोसेकंद. शिवाय रिसीव्हरने खिडकीत बसून स्वतःची जागा ठरवली असेल तर उंची हमखास चुकलेली असते, आणि ती चूक उपग्रहांच्या मांडणीप्रमाणे वेळेत झिरपते. दोन्ही कारणं एकदमही असू शकतात.

टाइम कॉन्स्टंटचं म्हणाल तर नको. तीन तासांचा उंचवटा गाळायचा तर लूप त्याहून बराच संथ हवा, आणि तेवढा वेळ क्रिस्टल स्वतःच्या भरवशावर सोडलं तर ते याहून जास्त भरकटेल. तो उपाय रुबिडियमला चालतो. त्याला दिवसभराच्या टाइम कॉन्स्टंटने जीपीएसला बांधता येतं. पण आधी अँटेना हलवा.

प्रतिसाद ३

पटलं. एक भर घालतो: चार मिनिटांची ही खूण रिसीव्हर फक्त जीपीएस घेत असेल तरच इतकी स्वच्छ दिसते. ग्लोनासच्या (रशियाच्या जीपीएससारख्या यंत्रणेच्या) उपग्रहांची जमिनीवरची वाट आठ दिवसांनी जुळते, ते मिसळले की नक्षी गढूळ होते. अँटेना हलवल्यावर जागेचा सर्व्हे (रिसीव्हरने स्वतःची जागा मोजून ठरवणं) पुन्हा करायला विसरू नका, किमान २४ तास. आणि केबल लांबली तर तिचा विलंबही नव्याने भरा, मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद.

प्रतिसाद १

माझा ट्रान्सफॉर्मर मागे घेतो. 😀

धागाकर्ता

उशिरा कळवतोय, पण मुद्दाम चार दिवसांचा लॉग जमवला. अँटेना गच्चीवर खांबाला लावली, चहूबाजूंनी आकाश मोकळं. सर्व्हे २४ तास चालवला. नवी उंची आणि जुनी उंची यांत ११ मीटरचा फरक निघाला! इतके दिवस रिसीव्हर स्वतःला जमिनीखाली समजत होता.

उंचवटा आता जेमतेम चार नॅनोसेकंदांचा राहिलाय, शोधावा लागतो. बिचाऱ्या रुबिडियमला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

पट्टा शांत झाल्यावर मात्र त्याच्या खाली दडलेलं दुसरंच काही दिसायला लागलंय. दर वीस मिनिटांनी दोन नॅनोसेकंदांची बारीक लाट. ही घड्याळाच्या वेळेलाच धरून आहे, तपासलं. म्हणजे या खेपेला खरंच घरातलं काहीतरी आहे. फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या वेळा टिपायला आजपासून सुरुवात करतो.