बाळंतिणीच्या शेक-शेगडीला हुक्क्याचा कोळसा चालेल का? (पुणे)

मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे.

ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळ-बाळंतीण दोघंही छान आहेत, बारसं अजून व्हायचंय. आजीची इच्छा आहे की सव्वा महिना रीतसर शेक-शेगडी व्हावी. बाजेखाली शेगडी, आणि बाळाच्या अंघोळीनंतर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं यांची धुरी. आजीने घरातली सगळी बाळंतपणं अशीच केली आहेत आणि तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. तिचं मन मोडायचं नाहीये. पण तेव्हा वाड्यातली खोली होती, वर कौलं, मागे उघडी पडवी. आता आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाळंतिणीच्या खोलीला एकच सरकती खिडकी आहे, आणि बाळाला वारं लागू नये म्हणून तीही बंद.

शेगडी घरात आहे. अडलंय ते कोळशावर. तीन प्रकार आणून गॅलरीत पेटवून पाहिले.

पहिला लोणारी कोळसा, भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका वखारीतून आणलेला. आमचे इस्त्रीवाले काका म्हणाले होते की बाभळीचाच मागा. पोत्यात चांगले तुकडे होते, पण काहींना साल तशीच चिकटलेली आणि फोडल्यावर आत तपकिरी लाकूड. ते पेटवले की पिवळट धूर आणि डोळ्यांची नुसती चुरचुर.

दुसरी चांदीच्या कागदातली गोल टिकली, दहाची गुंडाळी. पूजेच्या सामानाच्या दुकानात "धूप-लोबानासाठी सगळे हीच नेतात" म्हणून दिली. काडी लावली की कडेने तडतड ठिणग्या धावत जातात आणि फटाक्यासारखा वास येतो. मिनिटभरात पेटते हे खरं, पण तो वास मला बाळाजवळ नको वाटला.

तिसरे नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे चौकोनी ठोकळे. हे मित्राने दिले, तो गच्चीवर बार्बेक्यू करतो. गॅसवर जाळी ठेवून पेटायला आठ-दहा मिनिटं लागली. आधी कडा लाल झाल्या, मग सगळीकडून करड्या राखेची पातळ साय धरली. धूर जवळजवळ नाही, वास नाही. वर चिमूटभर ओवा टाकला तर फक्त ओव्याचाच वास. मला हाच पसंत पडला. पण मूळ खोक्यावर हुक्क्याचं चित्र आहे, ते पाहून आजी म्हणाली, "तंबाखूची वस्तू बाळाच्या खोलीत येणार नाही." तिचं म्हणणं मला पटतं, म्हणून नीट विचारून घेतोय.

या कोळशात तंबाखू किंवा आणखी काही मिसळलेलं असतं का? टिकलीतला तो वास कशाचा? आणि धूरच नसेल तर करवंटीच्या कोळशाची शेगडी बंद खोलीत बाजेखाली ठेवता येईल का? बाळाच्या डॉक्टरांनी "धूर-शेगडी काही नको" एवढंच सांगितलं. का नको ते नीट कळलं तर आजीला समजावता येईल.

प्रतिसाद

कोळशापुरतं सांगतो, माझा रोजचा संबंध आहे. हुक्क्यात तंबाखू चिलमीत असतो, कोळसा फक्त वरून आच देतो. चांगल्या ठोकळ्यात करवंटीच्या कोळशाची पूड आणि ती बांधायला स्टार्च, बाकी काही नाही. आजींना हे बेलाशक सांगा. हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ च्या कायद्याने बंदी आली, पण हे ठोकळे बार्बेक्यूवाले आणि घरी धूप घालणारेही वापरतात. खोक्यावर घटक वाचा. "झटपट पेटणारा" किंवा "सुगंधी" लिहिलं असेल तर सोडा. तुमच्या टिकलीत पेट घेण्यासाठी सोऱ्यासारखं रसायन असतं, ठिणग्या आणि वास त्याचाच. ती बाळाच्या आसपासही नको.

लोणारी घ्यायचाच तर तुकडा तुकड्यावर आपटून बघा. पूर्ण जळलेला कोळसा खणखणीत वाजतो आणि फोडला की आत काळाभोर चमकतो. बद्द वाजला तर कच्चा. दगडी कोळसा मात्र चुकूनही घरात पेटवू नका, त्यातून गंधकाचा धूर येतो.

प्रतिसाद

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर ठामपणे "नाही, ठेवू नका" असं आहे. कुठलाही कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड सोडतो, मग तो करवंटीचा असो की बाभळीचा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. धुराने निदान डोळे चुरचुरतात, माणूस उठून खिडकी उघडतो. बिनधुराच्या निखाऱ्यावर ती सूचनाही मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणं, आणि बाळंतिणीला यातलं काहीही झालं तर घरचे म्हणणार, जागरण झालंय. बाळ तर श्वासच भराभर घेतं आणि सांगू शकत नाही. पेटत्या शेगडीच्या खोलीत कुणाला असं झालं तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, मग १०८ ला फोन करा.

आमच्याकडे सासूबाईंनी यातून वाट काढली होती. ओवा जाड्या तव्यावर गरम करायचा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची, आपल्या गालाला लावून बघायची आणि मग बाळंतिणीची कंबर-पाठ शेकायची. खोलीत विस्तव नाही, ओव्याचा वास मात्र भरपूर. बाळाला पुरचुंडी लावायची नाही, त्याची कातडी फार नाजूक असते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद आजीला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पडवी नाही तर शेगडी नाही." ताईला पुरचुंडीचा शेक आजपासून सुरू, तो आजी स्वतःच देणार आहे. बाळाला धुरी नाही. दुपटी आणि झबली गच्चीवर करवंटीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धरायची, वाऱ्यावर नीट झटकायची, मग खाली आणायची असं तिनेच ठरवलं आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाच्या अंगावर घालणार नाही. वापरलेले निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात विझवतोय, वरून गार दिसले तरी आत बराच वेळ धग असते.

आता एकच. मित्राने दिलेले ठोकळे संपत आले आहेत आणि एवढ्याशा कामाला किलोभराचा खोका नको आहे. कोथरूड, कर्वेनगर किंवा रविवार पेठेत करवंटीचा कोळसा सुटा कुठे मिळतो का?